फिलूमावशीची पाण्याची वही

फिलूमावशी गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी मेलबर्नमधल्या, ट्रुगानिनातल्या आमच्या घराजवळच्या स्विमिंग पूलच्या कारपार्कमध्ये उभा राहून इराचा ओला टॉवेल मागच्या सीटवर पसरत होतो. शनिवारची सकाळ होती. मेसेज बेव्हचा, म्हणजे मावशीच्या शेजारणीचा होता. बेव्ह बोलते तशीच लिहिते, तुटक. ‘फिल मंगळवारी गेली. झोपेत. फ्युनरल येत्या शुक्रवारी. तुझ्यासाठी एक बॉक्स ठेवलाय तिने. नो रश.’ मी तो तीनदा वाचला. खरं सांगायचं तर मनात आधी दुःख आलंच नाही. ‘बॉक्स’ या शब्दावरच मी अडकलो, कारण त्यात काय असणार हे मला ठाऊक होतं. इराने विचारलं, “बाबा, हू इज इट?” मी म्हणालो, “कोणी नाही गं.” वर्ष होऊन गेलं त्याला. ते ‘कोणी नाही’ काही केल्या डोक्यातून जात नाही.

शुक्रवारी मी गेलो नाही. मुग्धाला, माझ्या बायकोला, सांगितलं की ऑफिसात डेडलाइन आहे. डेडलाइन नव्हती. त्या दिवशी मी दोन ड्रॉइंग तपासली, तीन वेळा कॉफी प्यायलो आणि दुपारी ठरलेल्या वेळी लिफ्टशेजारच्या खिडकीत जाऊन उगाच उभा राहिलो. गाडीने चार तासांचं अंतर. भारतात मी याहून लांब, ज्यांची नावंही धड आठवत नाहीत अशांच्या साखरपुड्यांना जाऊन जेवून आलोय. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायला बसलं की लिहिणाराच हळूहळू चांगला दिसायला लागतो, असं मी पुष्कळ वाचलेल्या लेखांवरून सांगू शकतो. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवून बसलोय. बघू.

गावाचं नाव हॅरोज बेंड. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या मरे नदीच्या एका वळणावरचं, एक मुख्य रस्ता, एक पूल, दोन पब आणि एक बंद पडलेलं स्टेशन एवढा ऐवज असलेलं गाव. मी तिथे गेलो तो काही नदीच्या प्रेमाने नव्हे. आमचा व्हिसा रीजनल होता. शहरापासून दूर तीन वर्षं काढली की पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, रस्ता मोकळा. तिथल्या काउन्सिलला रस्ते आणि गटारं पाहणारा इंजिनिअर हवा होता, मला तीन वर्षं हवी होती. पहिल्याच आठवड्यात मी फ्रिजवर एक कॅलेंडर लावलं आणि महिने खोडायला सुरुवात केली. मुग्धा म्हणायची, “अरे, आपण इथे राहतोय की शिक्षा भोगतोय?” मी हसण्यावारी न्यायचो. पण त्या गावाकडे मी सुरुवातीपासून एसटी स्टँडवर बसल्यासारखाच बघत होतो, हे आता कबूल करायला हवं.

मावशीची ओळख एका तक्रारीतून झाली. मिल स्ट्रीटवर पाऊस झाला की पाणी साचतं, असं पत्र काउन्सिलकडे दर हिवाळ्यात यायचं, सुवाच्य हाताने लिहिलेलं, खाली सही ‘फिलोमिना परेरा’. माझ्या आधीच्या दोघांनी ती पत्रं फाइलला लावून ठेवली होती. मी नवा, उत्साही. गेलो घरी. दार उघडलं ते सत्तरीच्या बाईने, फुलाफुलांचा झगा, पायात गमबूट. वीस मिनिटं आम्ही दोघं इंग्रजीत गटाराविषयी बोललो. ती मला सांगत होती की रस्त्याखालून जुना पाट गेलाय, तो बुजलाय, आणि पाणी आपली जुनी वाट शोधतंय. मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, निघू या. तेवढ्यात आईचा फोन आला. मी खुशाल मराठीत बोललो, “एका म्हातारीकडे आलोय गं साइटवर. डोकं खातेय माझं. नंतर करतो.” फोन ठेवला तर समोर चहाचा कप. “साखर किती घालू?” तिने मराठीत विचारलं. “म्हातारीच्या हातची चालेल ना?”

मला तेव्हाच धरणी पोटात घेती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी पुण्याचा. गप्प बसेन तर शपथ. सावरून म्हणालो, “अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता.” तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “मी वसईची,” ती म्हणाली. “अकरावीपर्यंत मराठी शाळा. तू?” मी म्हणालो, “इंग्लिश मीडियम.” “मग छान तुझंच म्हणायचं.” एवढं बोलून तिने बिस्किटांचा डबा पुढे केला. परेरा हे नाव आणि मराठी यांची सांगड माझ्या डोक्यात बसतच नव्हती. शंभर वर्षांपूर्वीची नव्हे, आत्ताची गोष्ट सांगतोय. निघताना मी ‘मावशी, येतो, तुम्ही काळजी करू नका’ म्हणालो तेव्हा तिने तेही दुरुस्त केलं. “मावशी म्हणतोस आणि तुम्ही कशाला? मावशीला तू म्हणतात.” त्या दिवसापासून मी तिला तू म्हणायला लागलो. नात्याचा हक्क मला पाच मिनिटांत मिळाला होता, तो कमवावा लागला नव्हता... कदाचित म्हणूनच तो मला जपता आला नाही.

पाट तिने दाखवला तिथेच निघाला. विटांनी बांधलेला, मातीने गच्च भरलेला. ती माझ्यासोबत रस्त्याच्या कडेने गमबुटात चालत गेली आणि काठीने खूण करत सांगत गेली, इथे वळतो, इथे सखल होतो, इथे पूर्वी झडप होती. आम्ही तो साफ केला, नवा पाइप जोडला, आणि त्या हिवाळ्यात मिल स्ट्रीट कोरडी राहिली. काउन्सिलच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. जुने नकाशे नीट अभ्यासले, असं मी सांगितलं. जुना नकाशा कुठलाही नव्हता. मावशीचं नाव घ्यायचं राहून गेलं असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत असे. राहून गेलं नव्हतं. घेतलं नव्हतं.

मावशी आणि आग्नेलकाका या गावात आले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. काका नदीवरच्या पंपहाउसमध्ये फिटर, मी जायच्या बऱ्याच आधी वारलेले. मूलबाळ नाही. मावशी सुकामेव्याच्या शेडमध्ये लागली. हे गाव एके काळी द्राक्षं आणि जर्दाळू सुकवून जगभर पाठवायचं; माळरानात तारेच्या जाळ्यांचे लांबच लांब रॅक, वर पत्रा, त्यांवर द्राक्षं पसरायची, सुकली की झाडून खाली पाडायची, मग शेडमध्ये बायका निवडायला. मावशी सांगायची, “पहिल्या दिवशी ते रॅक पाहिले आणि मला रडूच आलं. आमच्याकडे केळी सुकवून सुकेळी करतात, ती अशीच घालतात वाळत.” आणि पाणी? नदीतून पंपाने उचललेलं पाणी पाटांतून सुटायचं आणि मळेवाल्यांना पाळीपाळीने मिळायचं. वसईला तिच्या वडिलांच्या वाडीत अगदी हेच. पाच घरांत एक विहीर, एक रहाट, आणि कोणाची पाळी कधी ते लिहिलेली एक वही. ती वही तिच्या वडिलांकडे असायची. ज्याचं नाव वहीत, त्याला पाणी. भांडणाचं काम नाही. आणि त्यात एक रीत होती, ती मला मावशीने अगदी सहज, भाजी निवडताना सांगितली होती. वही धरणारा स्वतःचं नाव वहीत लिहीत नाही. त्याने पाणी घ्यायचं सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. त्याचं नाव लिहायचं ते त्याच्या मागून जो वही धरेल त्याने.

तिच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला केळ होती. इथे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून उत्तरेला. मरेकाठच्या थंडीत दहिवर पडून केळ करपते, तर ही बाई जून आला की तिला गोणपाटाची कुंची घालायची. चार-पाच वर्षांतून एखादा घड यायचा. पण ती केळ तिला घडासाठी नको होतीच मुळी. सोपटासाठी हवी होती. केळीच्या खोडाचे बाहेरचे पापुद्रे वाळले की त्यांचे दोर काढायचे, पाण्यात भिजवायचे, आणि दुकानातून आणलेली क्वीन्सलंडची केळी सुकवून त्यांच्या पुड्या त्या दोराने बांधायच्या. दोन वेढे, एक पीळ आणि टोक आत सारलेलं. ओढलं की चटकन सुटायची, पण सुटली की तशीच पुन्हा बांधणं येरागबाळ्याचं काम नव्हे. मी एकदा तासभर प्रयत्न केला. तिला हसून हसून ठसका लागला. “राहू दे,” ती म्हणाली, “तू रस्ते बांध.”

शनिवारी इराला घेऊन मी तिच्याकडे जायचो, आणि ती आम्हाला गाव दाखवायची. मी रोज ज्या गावाची गटारं मोजत होतो ते गाव मला तिने दाखवलं असं म्हणायला हवं. इथे वाफेच्या बोटी लागायच्या, लोकर घेऊन जायच्या. बोटींच्या भट्ट्यांसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी काठचं रेडगमचं रान तोडलं, म्हणून इथे सॉ मिल, म्हणून मिल स्ट्रीट. रेल्वे आली आणि बोटी संपल्या. मग पंप आला, पाट आले, लढाईवरून परतलेल्यांना मळे वाटून दिले. त्यांतले निम्मे दोन दुष्काळांत पळाले. मग इटलीचे आले, ग्रीसचे आले, शेड आली. हायवेला नवा पूल झाला आणि गावातून जाणाऱ्या गाड्या बाहेरून जायला लागल्या. शेड बंद पडली. आता गावाचा सगळ्यात मोठा धंदा म्हणजे नर्सिंग होम, आणि तिथे कामाला केरळच्या, नेपाळच्या मुली. नदीच्या बाजूला नवी वसाहत पडतेय, एकसारखी राखाडी घरं. हे सगळं ती अशा सुरात सांगायची की जणू घरातल्या लग्नांची यादी वाचतेय. तिच्या सांगण्यात वर्षं कमी आणि माणसं जास्त असायची. मी ऐकायचो. म्हणजे अर्धं ऐकायचो, अर्धं मोबाइल बघायचो.

तिसऱ्या वर्षी काउन्सिलने नदीकाठी पायवाट बांधायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं. पायवाटेवर गावाच्या इतिहासाचे आठ फलक लावायचे होते, आणि मजकूर ठरवणाऱ्या कमिटीचा प्रमुख होता रॉस, गावातला जुना द्राक्षवाला, मोठ्या आवाजाचा आणि स्वभावाने सरळ माणूस. मावशीला कळलं तेव्हा ती आतल्या खोलीत गेली आणि चार वह्या घेऊन आली. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येक वही सोपटाच्या दोराने बांधलेली. “गावाचं लिहिलंय,” ती म्हणाली. “मराठीत आहे. इंग्रजीत मला बोलता येतं, पण असं लिहिता येत नाही. वाचून बघ. त्यांना उपयोगी असेल तेवढं तू इंग्रजीत करून दे.” तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, “अगं, नक्की मावशी. हे तर सोनं आहे.” सोनं म्हणालो, आणि गाडीच्या डिकीत, जंप स्टार्टरच्या शेजारी ठेवून दिल्या.

का वाचल्या नाहीत, याची कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की ती पाठ झालीत. पीआरचे कागद चालू होते. कॉन्ट्रॅक्टर पळाला होता. इरा सारखी आजारी पडायची. सगळं खरं, आणि सगळं खोटं. खरं कारण एवढंच की त्या वह्यांत काही असेल असं मला वाटलंच नाही. शेडमध्ये मनुका निवडलेली वसईची म्हातारी. तिचं मराठी कसं असणार, आणि गावाचा इतिहास तिला काय कळणार. हे असं मी शब्दांत कधी मनाशी बोललो नाही. पण ते तिथे होतं, पहिल्या दिवशीच्या ‘किती छान बोलता’मध्ये होतं तेच.

कमिटीच्या मीटिंगमध्ये रॉसने विचारलं, “अभी मेट, फिल म्हणाली तिने तुला काही वह्या दिल्यात. एनीथिंग इन देअर वी कॅन यूज?” आठ माणसं माझ्याकडे बघत होती. वाचलं नाही म्हणावं तर नामुष्की. वाचतो म्हणावं तर काम वाढणार. शिवाय आणखी एक होतं, ते लिहायला सगळ्यात जड जातंय. त्या टेबलावर मी एकटाच बाहेरचा होतो, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा ते मला आपल्यातला समजत होते. माझ्याच मुलखातल्या एका म्हातारीची वकिली करून तो माझा बाहेरचेपणा मला पुन्हा आठवून द्यायचा नव्हता. मी खांदे उडवले. म्हणालो, “नॉट रिअली. मोस्टली रेसिपीज अँड स्टफ.” कोणीतरी हसलं. रॉस म्हणाला, “वेल, शी डझ मेक अ गुड करी.” सगळे हसले. मीही हसलो... ते हसणं मला अजून ऐकू येतं, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

उद्घाटन सप्टेंबरच्या उन्हात झालं. सॉसेज भाजून द्यायचा स्टॉल, शाळेतल्या मुलांचा बँड, दोन भाषणं. मावशी आली ती लाल चौकड्यांचं लुगडं नेसून. तिच्या आईचं लुगडं. गावात तिला कोणी त्या वेशात कधी पाहिलं नव्हतं. बेव्ह म्हणाली, “लुक ॲट यू, फिल.” मावशी लाजली. मग ती पहिल्या फलकापाशी गेली आणि ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागली. बोटी. मग दुसरा, सॉ मिल. मग पंप, मग मिशीवाले पुरुष. शेडचा फलकच नव्हता. पाचव्या फलकावर शेडविषयी दीड ओळ होती, मालकाच्या नावासकट. मी कोपऱ्यात कॉफीचा कप धरून तिच्याकडे बघत होतो. आठही फलक तिने अक्षर न् अक्षर वाचले. आठवा संपल्यावर जरा थांबली, आणि फलकाला वळसा घालून मागे गेली. मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघायला. मागे नुसता राखाडी पत्रा होता. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अक्षरं मोठी ठेवलीस ते बरं केलंस. म्हाताऱ्यांना वाचता येतात.” फलकांविषयी तिने दुसरं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

पीआर आला आणि आम्ही दोन महिन्यांत मेलबर्नला निघालो. निघण्याच्या आदल्या सकाळी मी डिकीतून त्या वह्या काढल्या, रुमालाने पुसल्या आणि तिला परत द्यायला गेलो. तिने त्या मांडीवर घेतल्या. एकेक उचलून पाहिली, प्रत्येकीच्या गाठीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, धूळ झटकतेय. “वाचल्यास?” तिने विचारलं. मी म्हणालो, “वाचल्या ना. फार छान लिहिलंयस मावशी.” तिने मान हलवली. “थांब,” ती म्हणाली, “पोरीला सुकेळी देते.” आणि आत गेली. मग मेलबर्न, घराचं कर्ज, नवी नोकरी. फोन आधी आठवड्याला, मग नाताळला, मग नाताळचा मेसेज. तिचे मेसेज मराठीत असायचे, माझे अंगठ्याच्या खुणेचे.

फ्युनरलनंतर पाच आठवड्यांनी मी शेवटी गेलो. बेव्हने बॉक्स दारातच ठेवला होता. ती मला रागावेल अशी माझी तयारी होती, पण तिने चहा केला. म्हणाली, चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शेडमधल्या म्हाताऱ्या बायका कुठून कुठून आल्या होत्या, एक तर मुलाने अ‍ॅडलेडहून गाडीने आणलेली. नर्सिंग होमच्या मुली ड्यूटीच्या कपड्यांत. “शी न्यू एव्हरीवन्स नेम,” बेव्ह म्हणाली. “त्यांच्या आयांचीसुद्धा.” मी चहा संपवला. बॉक्स घेऊन नदीवर गेलो, माझ्याच पायवाटेवरच्या बाकावर बसलो आणि झाकण काढलं. वर एक नवी वही, पाचवी, सुतळीने सैल बांधलेली. खाली त्या चार, आणि त्यांवर तोच सोपटाचा दोर, दोन वेढे, एक पीळ, टोक आत. वाळून कडक झालेला. मी टोक ओढलं आणि ओढतानाच मला कळलं. त्या दिवशी ती धूळ झटकत नव्हती. तिच्या हातच्या गाठी तिला जशाच्या तशा परत मिळाल्या होत्या. त्या सोडून पुन्हा तशा बांधणं मला येत नाही हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत होतं? मी ‘वाचल्या ना’ म्हणालो तेव्हा माझं खोटं तिच्या अंगठ्याखाली होतं. आणि ती सुकेळी आणायला आत गेली होती.

मग मी वाचलं. दुपार झाली, ऊन सरकत बाकावर आलं, मी वाचत होतो. प्रत्येक पानावर तीन घरं आखलेली: येणं, काम, जाणं. वडिलांच्या वहीसारखी. पण घराबाहेर, समासात, पानामागे तिने काय काय लिहिलं होतं, आणि किती स्वच्छ मराठीत. पहिल्याच पानावर जॉइस, शेडमध्ये तिच्या शेजारी बसणारी, इथल्या मूळच्या लोकांतली बाई. ‘हिचं येणं लिहिता येत नाही. ही इथलीच, हिच्या आजीची आजीही इथलीच. आपण सगळे हिच्याकडे आलो.’ मग मारिया, ‘आली तेव्हा पोटात सात महिन्यांचं. काम: रॅकवर झाडणी. गेली: मुलाकडे अ‍ॅडलेडला, मनाविरुद्ध.’ मग केन, ‘ज्याने आग्नेलला नदीचा आवाज ऐकून पाणी वाढणार की नाही ते ओळखायला शिकवलं.’ पूर कुठवर आला, कोणी कोणाच्या घरी झोपायला जागा दिली, शेड बंद झाली त्या दिवशी कोण काय म्हणालं. कोणता पाट कुठून जातो. गाव कसं वाढलं आणि कसं सुकलं, ते माणसामाणसाने. आठ फलकांत जे नव्हतं ते सगळं. रेसिपी एकही नव्हती.

पाचवी वही उद्घाटनानंतरची. नवी माणसं, नर्सिंग होमच्या मुली, नव्या वसाहतीतलं एक पंजाबी कुटुंब. आणि मध्येच एका पानावर मी. ‘अभिजीत, पुण्याचा. येणं: कडक थंडीत, बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन. काम: मिल स्ट्रीटखालचा बुजलेला पाट शोधून काढला, तेव्हापासून तिथे पाणी साचत नाही. नदीवरची वाट बांधली, सकाळी पुष्कळ लोक चालतात. फलकांची अक्षरं मोठी ठेवली.’ शोधून काढला, असं लिहिलं होतं. मी ते वाक्य वाचलं आणि त्या बाकावर, समोरून कुत्रा घेऊन जाणाऱ्या अनोळखी माणसासमोर, तोंड झाकून रडलो. आमच्याआधी आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाचं जाणं तिने लिहिलं होतं, अगदी दोन महिने राहिलेल्या बँकेतल्या कारकुनाचंसुद्धा. माझ्या ओळीतलं तिसरं घर तिने कोरं ठेवलं होतं.

परत आल्यावर मी रॉसला मेल लिहिला. त्या रेसिपी नव्हत्या, मी वाचल्याच नव्हत्या, मी तुमच्याशी खोटं बोललो. दहा ओळींच्या त्या मेलला मला तीन दिवस लागले. त्याचं उत्तर वीस मिनिटांत आलं. ‘नो वरीज मेट. सेंड इट थ्रू. नववा फलक लावायला जागा आहे.’ शिवी दिली असती तरी चाललं असतं. इतकं सोपं होतं ते, त्या मीटिंगमध्येही इतकंच सोपं होतं, आणि त्या लुगड्यातल्या बाईला फलकामागे जाऊन पाहावं लागलं नसतं.

आता रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी एक-दोन पानं इंग्रजीत उतरवतो. वाचून झाली की वही बांधायला जातो, सोपट भिजवून ठेवलेलं असतं, पण गाठ येत नाही, इरा म्हणते, “यू आर डूइंग इट राँग, बाबा.” कालच्या सकाळी पाचवी वही संपली. शेवटच्या पानापर्यंत मी मावशीचं नाव शोधत गेलो. आग्नेलकाकांचं आहे, बेव्हचं आहे, तिच्या मांजराचंसुद्धा आहे. तिचं नाही. मग भाजी निवडता निवडता सांगितलेली ती रीत आठवली, आणि बॉक्स माझ्याच नावाने का ठेवला तेही कळलं. उरलेल्या पानावर पट्टीने तीन घरं आखली. ‘फिलोमिना परेरा, वसईची. येणं: द्राक्षं सुकत असताना, नवऱ्याबरोबर.’ कामाचं घर पुरेना, तेव्हा समासात लिहिलं, मग पानामागे. मिल स्ट्रीटखालचा पाट तिने दाखवला, हे सगळ्यात आधी लिहिलं. माझं अक्षर तिच्या अक्षराशेजारी फारच वाईट दिसतं. तिसऱ्या घरापाशी पेन बराच वेळ धरून बसलो. मुग्धा म्हणाली, “अरे, उशीर होतोय तुला.” मी पेनाला टोपण लावलं. तिनेही माझं कोरंच ठेवलं होतं.